डायनरच्या काउंटरवर कोण बसले?

मा. संपादक,
सादर नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतील ‘रेट्रो डायनर’ या, जुन्या काळाच्या धाटणीने सजवलेल्या उपाहारगृहांवर आलेला सचित्र लेख मी दोनदा वाचला. लाल रेक्झिनची बाकडी, काळ्यापांढऱ्या चौकटींची फरशी, निऑनची पाटी, टेबलावरचा छोटा ज्यूकबॉक्स (नाणे टाकून गाणी वाजवण्याचे यंत्र) आणि बर्गरशेजारी रचलेल्या फ्राइज यांचे त्यातील वर्णन अचूक आहे. परंतु त्यातील दोन विधाने मला खटकली. ही उपाहारगृहे रेल्वेच्या जुन्या डब्यांतून निर्माण झाली, हे पहिले विधान. आणि तेथे बसले की १९५० च्या दशकातील ‘निरागस अमेरिका’ अनुभवता येते, हे दुसरे. मी एकतीस वर्षे न्यू जर्सीत राहते. त्यांतील अकरा वर्षे मी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रात्रपाळी केली आणि त्या काळात आठवड्यातून दोनतीन रात्री माझे जेवण डायनरच्या काउंटरवरच होत असे. त्या काउंटरचे माझ्यावर ऋण आहे, म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहिते आहे.

डायनरचा पूर्वज एका वर्तमानपत्राच्या दारात जन्मला, हे आपल्या वाचकांना सांगायला हवे. १८७२ साली ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट नावाच्या गृहस्थाने ‘प्रॉव्हिडन्स जर्नल’ या दैनिकाच्या कचेरीबाहेर घोड्याची गाडी उभी केली आणि तिच्या खिडकीतून तो रात्री काम करणाऱ्यांना सँडविच, ‘पाय’ हा सारण भरून भाजलेला पदार्थ आणि कॉफी विकू लागला. गावातली खानावळ रात्री लवकर बंद होई, आणि छापखान्यातल्या माणसांची भूक तर मध्यरात्रीनंतरची. पुढे या गाड्यांत आत बसायची सोय झाली, मग चाके गेली आणि ‘लंच वॅगन’ एका जागी स्थिरावली. मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथील कंपनीने १९०६ ते १९५७ या काळात साडेसहाशेच्या आसपास डायनर बांधले. आमच्या न्यू जर्सीत जेरी ओ’माहोनी, कुलमन, फोडेरो आणि पॅटर्सनच्या ‘सिल्क सिटी’ डायनरचे कारखाने होते. कारखान्यात संपूर्ण उपाहारगृह काउंटर, स्टूल आणि तव्यासकट तयार होई आणि ते रस्त्याने किंवा रेल्वेने मुक्कामी नेले जाई. वाहतुकीत मावावे म्हणून ते लांब आणि अरुंद असे. काही ठिकाणी जुन्या ट्रामचे डबे वापरले गेले हे खरे. परंतु बहुतेक डायनर रुळांवर प्रवासी घेऊन कधीच धावलेले नाहीत. रेल्वेगाडीचे रूप मात्र त्यांनी जाणीवपूर्वक घेतले. १९३४ साली स्टेनलेस स्टीलची ‘झेफर’ गाडी धावू लागल्यावर त्या चकचकीत, गोलाकार रूपाची देशभर मोहिनी पडली आणि डायनर बांधणाऱ्यांनी ते उचलले.

माझी डायनरशी ओळख झाली ती १९९० च्या दशकातील एका हिवाळ्यात, रात्री अडीच वाजता. रक्ताचे नमुने तपासण्याचे काम त्या रात्री लांबले होते, डबा संपला होता आणि बाहेर बर्फ पडत होता. माझी सहकारी, जी जमैकाची होती, मला हाताला धरून रस्त्यापलीकडच्या डायनरमध्ये घेऊन गेली. आत एक ट्रकचालक होता, गणवेशातले दोन पोलीस होते, आणि ज्यांच्या घरचे कोणी आमच्याच रुग्णालयात दाखल असावे असे एक वृद्ध जोडपे होते. सर्व जण एकाच काउंटरला लागून बसले होते. समोर तवा होता, म्हणजे सुमारे दोन हात रुंदीची जाड लोखंडी पाटी, आणि तिच्यामागे उभा असलेला ग्रीक आचारी आमच्याकडे तोंड करून काम करत होता. मी सांगलीची; आमच्या घरी रविवारी मटण असे, पण गोमांस कधी आले नाही आणि मी ते आजही खात नाही. मी चाचरत तसे सांगितले. त्याने तव्याचा कोपरा खरडून पुसून घेतला, त्यावर वेगळे तेल सोडले, टर्की या पक्ष्याच्या खिम्याची टिक्की थापली आणि ती भाजून होईपर्यंत मला दिसेल अशीच ठेवली. भाजलेला पाव, कांद्याची जाड चकती, टोमॅटो, आंबवलेल्या काकडीचे काप आणि शेजारी फ्राइजचा ढीग, असे ते ताट माझ्यापुढे आले. तीस वर्षांत मी त्याहून नामांकित ठिकाणी जेवले आहे, परंतु परक्या देशात माझ्या खाण्याच्या मर्यादेचा कोणी इतक्या सहजपणे मान राखला, तो तेथे पहिल्यांदा.

डोळ्यांसमोर शिजवण्याच्या या रीतीमागे बर्गरचा सगळा इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत खिम्यावर कोणाचा विश्वास नव्हता. मांसाच्या कारखान्यांतली घाण चव्हाट्यावर आली आणि १९०६ मध्ये सरकारला मांस तपासणीचा कायदा करावा लागला. अशा काळात १९२१ साली कॅन्सस राज्यातील विचिटा येथे ‘व्हाइट कॅसल’ सुरू झाले. पाच सेंटला एक छोटा बर्गर, पांढऱ्या भिंती, आणि गिऱ्हाइकाला दिसेल अशा जागी तवा. काय शिजते आहे ते बघा आणि मग खा, हा त्या मांडणीचा अर्थ होता. त्याच परंपरेतला ‘व्हाइट माना’ आमच्या जर्सी सिटीत आजही आहे. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनातील ही वास्तू नंतर तेथे आणून बसवली, असे सांगतात. अशा दुकानांत खिम्याचे छोटे गोळे तव्यावर कांद्याच्या पातळ चकत्यांसह दाबून पसरतात. पातळ झालेल्या कडा खरपूस होतात, कांदा मांसाच्या रसात शिजतो, आणि वर ठेवलेला बटाट्याचा मऊ पाव त्या वाफेवर गरम होतो. बर्गरची खरी चव त्या तपकिरी, चुरचुरीत पापुद्र्यात असते, हे भाकरीचा पापुद्रा आवडीने खाणाऱ्या आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

फ्राइजविषयी मात्र मला अधिक लिहायचे आहे, कारण शाकाहारी मराठी कुटुंबे डायनरमध्ये गेली की बहुधा फ्राइजवरच भागवतात. चांगल्या फ्राइजसाठी आयडाहोकडचा रसेट बर्बँक हा लांबट, खरबरीत सालीचा बटाटा घेतात, कारण त्यात पाणी कमी आणि पिष्ट अधिक असते. त्या ग्रीक आचाऱ्याने मला सांगितले होते की कापलेल्या सळ्या गार पाण्यात बुडवून ठेवल्या नाहीत तर वरचे पिष्ट आणि साखर तळताना करपते. थंड फडताळात साठवलेला बटाटा तर गोडसर होतो आणि आतून शिजण्याआधीच बाहेरून काळवंडतो. मग पहिले तळण मध्यम आचेवर, सुमारे १६० अंश सेल्सिअसला. त्याने बटाटा आत शिजतो, पण रंग येत नाही. सळ्या निथळून गार होऊ द्यायच्या. मागणी आली की दुसरे तळण १९० अंशांच्या कडकडीत तेलात, दोनतीन मिनिटे. मीठ तेलातून काढताक्षणी, कारण नंतर घातलेले मीठ चिकटत नाही. एवढे सगळे आज थोडेच डायनर करतात. बहुतेकांकडे गोठवलेल्या फ्राइजच्या पिशव्या येतात, आणि त्याही नीट तळल्या तर चांगल्या लागतात, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते.

शाकाहारी वाचकांनी एक प्रश्न निःसंकोच विचारावा: फ्राइज ज्या तेलात तळल्या जातात, त्याच तेलात चिकन किंवा मासे तळतात का? पुष्कळ ठिकाणी तळणी एकच असते. न्यू जर्सीत फ्राइजवर वितळलेले मोझरेला चीज आणि तपकिरी ग्रेव्ही घालून ‘डिस्को फ्राइज’ देतात. ती ग्रेव्हीही बहुधा मांसाच्या अर्काची असते. विचारणे अवघड वाटते, याची मला जाणीव आहे. परंतु न विचारल्याने काय होते ते आपल्या समाजाने पाहिलेले आहे. मॅकडोनाल्ड्सने १९९० मध्ये आपण वनस्पती तेल वापरू लागल्याचे जाहीर केले, म्हणून हजारो हिंदू आणि जैन कुटुंबांनी अमेरिकेत त्यांच्या फ्राइज निर्धास्तपणे खाल्ल्या. त्या फ्राइजच्या स्वादात गोमांसाचा अंश असतो हे २००१ मध्ये उजेडात आले, खटला दाखल झाला आणि २००२ मध्ये कंपनीने माफी मागून एक कोटी डॉलर शाकाहारी व धार्मिक संस्थांसाठी देण्याचे मान्य केले. माझ्या ओळखीच्या एक आजी त्या बातमीनंतर कितीतरी दिवस अस्वस्थ होत्या. भिंतीमागे शिजणारे अन्न आणि डोळ्यांसमोर शिजणारे अन्न यांतला फरक मला त्या वेळी पुरता कळला.

आता त्या ‘निरागस’ दशकाविषयी. सुरुवातीचे डायनर पुरुषांचेच होते. कामगार, गाडीवान, रात्रीचे पहारेकरी तेथे येत आणि एकटी बाई काउंटरवरच्या स्टुलावर बसणे शिष्टसंमत नव्हते. म्हणून १९२० च्या दशकात मालकांनी दारावर ‘स्त्रियांचे स्वागत आहे’ अशा पाट्या लावल्या आणि त्यांच्यासाठी बाकडी-टेबले बसवली. आपल्या लेखात ज्या लाल बाकड्यांचे कौतुक आहे, ती स्त्रियांना आणि कुटुंबांना आत आणण्यासाठी आलेली आहेत. मध्यरात्री अडीच वाजता साडीवर कोट चढवलेली मी काउंटरवर निर्धास्त बसू शकले, ते आधीच्या तीन पिढ्यांतील बायका तेथे बसल्या म्हणून.

आणि काळ्या माणसांना तर देशाच्या मोठ्या भागात त्या स्टुलावर बसूच दिले जात नव्हते. ज्या विचिटा शहरात व्हाइट कॅसलचा जन्म झाला, त्याच शहरात १९५८ च्या उन्हाळ्यात काळ्या तरुणतरुणींनी डॉकम नावाच्या औषधदुकानातील खाण्याच्या काउंटरवर आठवडेच्या आठवडे शांतपणे ठाण मांडले आणि मालकाला धोरण बदलायला लावले. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबोरो येथे चार विद्यार्थी वूलवर्थ दुकानाच्या काउंटरवर बसले आणि त्यांनी कॉफी मागितली. त्याच दुकानाने त्यांना दुसऱ्या गल्ल्यावर वस्तू विकल्या होत्या, पैसे घेतले होते. काउंटरवर बसून कॉफी पिणे मात्र त्यांना नाकारले. काही दिवसांत त्यांच्याबरोबर शेकडो जण आले आणि २५ जुलै १९६० रोजी तो काउंटर सर्वांना खुला झाला. त्याचा एक भाग आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवलेला आहे. मी तो माझ्या मुलाला दाखवला तेव्हा तो बारा वर्षांचा होता, आणि हे स्टूल तर अगदी आपल्या डायनरसारखे आहेत, असे तो म्हणाला.

न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनकडे जाणाऱ्या मेरीलँडमधील रूट ४० या रस्त्यावर १९६१ साली चाड देशाच्या राजदूतांना एका डायनरमध्ये कॉफी नाकारण्यात आली. ते राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना आपली अधिकारपत्रे सादर करायला निघाले होते. आपलेही उदाहरण आहे. भारताचे राजदूत गगनविहारी मेहता यांना १९५५ मध्ये ह्यूस्टन विमानतळाच्या भोजनगृहात गोऱ्यांसाठी राखलेल्या भागातून उठायला सांगण्यात आले होते. म्हणजे लेखात वर्णिलेल्या त्या रम्य दशकात माझ्यासारख्या बाईला दक्षिणेतल्या कित्येक काउंटरवर बर्गर मिळाला असता की नाही, याचीच शंका आहे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने ही मनाई बेकायदा ठरली. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली ओंजळभर पाणी पिण्यासाठी काय करावे लागले हे ज्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, त्याला कॉफीच्या एका पेल्यासाठी स्टुलावर बसून राहणाऱ्या विद्यार्थ्यांची गोष्ट परकी वाटू नये. खाणेपिणे कोणाच्या शेजारी बसून होते, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी एकच होता.

रेट्रो डायनर ही १९८० च्या दशकातील निर्मिती आहे. शिकागोत १९८४ मध्ये ‘एड डेबेव्हिक्स’ आणि लॉस एंजेलिसच्या मेलरोज रस्त्यावर १९८६ मध्ये ‘जॉनी रॉकेट्स’ सुरू झाले; १९५० च्या दशकाची सजावट, पाच सेंटचा ज्यूकबॉक्स आणि फ्राइजबरोबर केचपने काढलेला हसरा चेहरा ही ‘जॉनी रॉकेट्स’ची ओळख ठरली. त्यांना माझा विरोध नाही. गेल्या उन्हाळ्यात नातीच्या वाढदिवसाला आम्ही महामार्गालगतच्या अशाच एका नव्या ठिकाणी गेलो होतो. तिने चिकन बर्गर, फ्राइज आणि स्ट्रॉबेरीचा मिल्कशेक मागवला. पेल्यात न मावलेला शेक स्टीलच्या उंच भांड्यातून वेगळा आला, तेव्हा तिला फार आनंद झाला. फ्राइज कुरकुरीत होत्या, हेही खरे. परंतु तेथील काउंटर केवळ शोभेचा होता. स्टूल जमिनीत पक्के बसवलेले, पण त्यांवर कोणाला बसू देत नव्हते. तवा भिंतीपलीकडे होता. मागणी टेबलावरच्या पडद्यावर बोट ठेवून द्यायची होती. आमच्या फ्राइज कोणत्या तेलात तळल्या, हे सांगू शकेल असे माणूस मला शेवटपर्यंत भेटले नाही. भिंतीवर जुन्या मोटारींची आणि नटनट्यांची मोठमोठी चित्रे होती. ग्रीन्सबोरोच्या चार विद्यार्थ्यांचे एखादे छोटे छायाचित्रही त्या भिंतीवर शोभले असते, असे मला मनापासून वाटले.

ज्या डायनरमध्ये मी अकरा वर्षे जेवले, तो आता नाही. त्याच्या जागी बँकेची शाखा आहे. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमधील अनेक डायनर ग्रीक स्थलांतरितांनी चालवले. ‘तुमची सेवा करण्यात आम्हाला आनंद आहे’ असे लिहिलेला निळापांढरा कागदी पेला, जो १९६३ पासून न्यूयॉर्कची खूण बनला, तो या ग्रीक मालकांना आवडावा म्हणूनच तसा रेखाटला होता. मुंबई-पुण्याच्या इराण्यांची आठवण येथे आपोआप येते: परमुलखातून आलेली कुटुंबे, पहाटेपासूनचे कष्ट, आणि शिकून वेगळ्या व्यवसायात गेलेली पुढची पिढी. जमिनीच्या किमती वाढल्या आणि २०२० च्या महासाथीनंतर चोवीस तास उघडे राहणे बहुतेकांना परवडेनासे झाले. २०२५ मध्ये जुन्या डायनरना करसवलत देण्याचे विधेयक आमच्या राज्याच्या विधिमंडळात मांडले गेले, यावरून चिंता किती खरी आहे ते कळेल. रात्रपाळीच्या परिचारिकेला, टॅक्सीचालकाला आणि गोदामातल्या हमालाला, ज्यांत आज आपले भारतीय पुष्कळ आहेत, मध्यरात्री बसून गरम खाता येईल अशी जागा डायनर बंद पडल्याने उरत नाही. मला सर्वाधिक दुःख त्याचे आहे.

दरवर्षी उन्हाळ्यात महाराष्ट्रातून अनेक आईवडील मुलांकडे न्यू जर्सीत येतात. त्यांना माझी विनंती आहे की रेट्रो डायनर जरूर पाहा, परंतु एकदा तरी जुन्या डायनरमध्ये जा. समिट गावी रेल्वे स्थानकासमोर १९३० च्या दशकाच्या अखेरीस ओ’माहोनी कारखान्यात तयार झालेला लांबट डायनर उभा आहे. क्लिफ्टनला रूट ३ वर १९४८ पासूनचा ‘टिक टॉक’ आहे, ज्याची आजची चकचकीत इमारत नंतर जुन्या धर्तीवर बांधली. जागा असेल तर बाकड्यावर न बसता काउंटरवर बसा. काय खात नाही ते स्पष्ट सांगा. भाजीच्या टिक्कीचा बर्गर आता बहुतेक ठिकाणी मिळतो आणि तो स्वच्छ केलेल्या तव्यावर किंवा वेगळ्या भांड्यात भाजून देण्याची विनंती बहुधा मान्य होते. वाढणाऱ्या बाईला टिप देताना हात आखडू नका. टिप मिळणाऱ्या कामगारांसाठी केंद्रीय कायद्याने ठरवलेले किमान वेतन १९९१ पासून ताशी २ डॉलर १३ सेंटवरच आहे. काही राज्यांत ते अधिक आहे, आमच्याही. तरी घर टिपवरच चालते. बिलाच्या पंधरा ते वीस टक्के ही येथील रीत आहे, आणि रुपयांत हिशेब करून ती कमी करणे योग्य नाही.

आपल्या पुरवणीला माझी एवढीच विनंती आहे की रेल्वेच्या डब्यांविषयीची दुरुस्ती पुढच्या अंकात छापावी, आणि शक्य झाल्यास तिच्यासोबत प्रॉव्हिडन्सच्या त्या घोडागाडीचा उल्लेख करावा. आपल्या छापखान्यात रात्री काम करणाऱ्यांना तो वाचायला आवडेल.

आपली नम्र,
एक वाचक
एडिसन, न्यू जर्सी